आकसपट्टी

उद्यमनगरात मी लाकडी पॅटर्न करतो.
पंपाचे, पुलीचे, उसाच्या चरकाचे.
आपला आकार वाळूत दाबायचा, वर रस ओतायचा,
मग लाकूड फळीवर, लोखंड गावोगाव.
माझं नाव कशावर नसतं. चालतं.

आमची पट्टी वेगळी असते.
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा किंचित मोठा,
कारण ओतीव थंड होताना आकसतं,
शंभराला एक.
ते आधीच धरून चालायचं.
वडिलांनी शिकवलं ते एवढंच, बाकीचं कानफटात.

'डोलकाठी' हे त्रैमासिक
घोरपडे टर्नरच्या डब्याखाली अंथरलेलं होतं.
आमटीच्या डागाखाली एक गुराब,
आडवी कापलेली, उभी कापलेली,
अगदी आमच्या ड्रॉइंगसारखी.
मी डबा उचलून बाजूला ठेवला.
घोरपडे म्हणाला, ने की, जुनंच आहे.

वर्षाला चार अंक, वर्गणीदार दोनशे बारा.
लक्ष्मीपुरीत लग्नपत्रिकांच्या मधल्या वेळात छापून होतं,
त्यामुळं एका अंकाच्या पाठीला अजून हळदीचा वास.
पत्रव्यवहारात हुपरीचा एक चांदीकाम करणारा
आणि देवगडचे एक निवृत्त कस्टमवाले
तीन अंक भांडतायत,
की दोराला पीळ उजवा होता का डावा.
मी तिन्ही अंक मिळवून वाचले.
दोघांचंही पटलं.

समुद्र आमच्याकडं पहाटे येतो,
टेम्पोतून, बर्फाच्या पेटीत, शेपट्या बाहेर.
मी तेवढाच बघितलेला.
बाकीचा घाटाखाली.

गुराबीला चौदा महिने लागले.
पॅटर्नच्या उरलेल्या सागाचा पठाण, जांभळीच्या फळ्या,
परमाणाला गावठी बांबू,
तोफा घोरपड्यानं पितळेत काढून दिल्या, चहाच्या बोलीवर.
शिडाला बायकोनं जुन्या धोतराचं पान दिलं
आणि विचारलं, ही हलणार कुठं?
मी म्हटलं, हलायची नाही.
मग बरं, म्हणाली.

संपादक इंगवले, पाटबंधारे खात्यातले जुने आरेखक,
शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत.
त्यांनी गुराब टेबलावर घेतली, चष्मा बदलला,
व्हर्नियर काढला.
अर्धा तास बोलले नाहीत.
आतून कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.
"पठाण सहा मिलिमीटर जास्त."
माझं तोंड सुकलं.
"डोलकाठी चार जास्त. नाळ, सुकाणू, सगळं जास्त,
आणि सगळं सारखंच जास्त.
असं चुकायला हात लई पक्का लागतो.
पट्टी कुठली वापरलीस?"

मी खिशातून काढली.
त्यांनी ती आपल्या पट्टीशेजारी ठेवली,
शून्याला शून्य लावून.
दुसऱ्या टोकाला दोन रेघांत फट पडली होती,
तांदळाचा दाणा बसेल एवढी.
इंगवले इतके हसले
की आतून कुकरवाल्या बाई बघायला आल्या.

पुढच्या अंकात पान एकतीस, खाली चौकटीत:
"श्री. हिंदुराव सुतार यांची गुराब. कारागिरी उत्तम.
सर्व मापे शेकडा एक जास्त.
ओतून थंड केल्यास बरोबर येईल."
देवगडहून लगेच पत्र:
हा विनोद आहे का माहिती?

गुराब खोक्यात घालून
एका रविवारी एसटीनं गगनबावड्याला गेलो.
कंडक्टरनं अर्धं तिकीट मागितलं, मग सोडून दिलं.
गडाच्या कड्यावर एक पोरगा म्हणाला,
ती बघा, तिकडं, पांढरी रेघ, समुद्र.
मला ढग वाटला.
तरी खोकं उघडलं.
थोडा वेळ नाळ तिकडं करून धरली.
वारं धोतराच्या पानात शिरलं
आणि पितळेच्या तोफांसकट सगळं वजन
हातात एकदम वेगळं लागलं.

महाद्वार रोडला बारा रुपयांची साधी पट्टी घेतली.
आता दोन्ही एकाच खिळ्याला.
नव्या अंकात शिबाडाचा आराखडा आलाय, घडी घातलेला.
मी बारा रुपयेवालीच उचलायचं ठरवलंय.
हात मात्र, सकाळी, अजून झोपेत असला
की मोठीकडं जातो.